गोदावरीचे दोन काठ : कायगाव-टोक्याच्या पुलावरून दिसणारा मराठवाडा

नगरहून औरंगाबादला जाताना नेवाशाच्या पुढे गोदावरीचा मोठा पूल लागतो. (ही शहरं आता अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर, पण ही गोष्ट जुन्या नावांच्या काळातली, म्हणून जुनी नावंच ठेवतो.) अलीकडच्या काठाला प्रवरासंगम आणि टोका, पलीकडच्या काठाला कायगाव. माझं आजोळ श्रीरामपूर तालुक्यातलं, घर गंगापूर तालुक्यातलं, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत हा पूल दोनदा ओलांडायचा हे ठरलेलं. आजोळी मळ्याच्या कडेनं चारी वाहायची, मे महिन्यातही उसात चिखल असायचा आणि मामांच्या बोलण्यात सतत ‘आवर्तन’, म्हणजे पाटाला पाणी सुटण्याची पाळी, हा शब्द असायचा: आवर्तन कधी सुटणार, पाटकरी आला का, आपला नंबर कितवा. आमच्याकडे मार्च उलटला की विहिरीत बाज सोडून गाळ काढायचा आणि बाजरीच्या सरमाडावर जनावरं जगवायची. पाऊस दोन्हीकडे बेताचाच, जमीन दोन्हीकडे काळीच, आणि भाषा, देव, सोयरीक, वारीची वाटही तीच. मधे फक्त नदी होती, मग एवढा फरक का, हा प्रश्न मला दहाव्या-बाराव्या वर्षी पडला आणि त्याचं उत्तर घरातल्या कुणाकडे नव्हतं. ‘तिकडची माणसं कष्टाळू’ एवढंच सांगितलं जायचं. हे वाक्य मला तेव्हाही टोचायचं. आमच्या आबांपेक्षा जास्त कष्ट करणारा माणूस मी पाहिलेला नव्हता.

या लेखात तोच प्रश्न नीट तपासायचा आहे. कोपरगावपासून शेवगावपर्यंतचा दक्षिणेचा पट्टा आणि वैजापूर, गंगापूर, पैठण हा उत्तरेचा पट्टा, एवढंच क्षेत्र घेऊ. अर्थशास्त्रात अशा जागांना फार महत्त्व आहे, कारण हवामान, माती, समाज असं जवळजवळ सगळं सारखं असतं आणि राजवट तेवढी वेगळी असते.

एकच नदी, दोन रुपये

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत ही नदी म्हणजे सरहद्द होती. दक्षिणेला मुंबई इलाख्यातला नगर जिल्हा, उत्तरेला निजामाच्या हैदराबाद संस्थानातला औरंगाबाद जिल्हा. सरहद्द म्हणजे नकाशावरची नुसती रेघ नव्हती. पलीकडे रुपयाही वेगळा होता. ब्रिटिश रुपयाला आमच्याकडे ‘कलदार’ म्हणत आणि निजामाच्या रुपयाला ‘हाली’. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशोब आबांना शेवटपर्यंत तोंडपाठ होता. माल सरहद्दीपार न्यायचा तर ‘करोडगिरी’ भरायची. ही संस्थानाची जकात, साधारण पाच टक्के. कागदावर सन लिहायचा तोही फसली. घरातल्या जुन्या पावतीवर १३४७ दिसलं की त्यात ५९० मिळवायचे, म्हणजे १९३७. आणि कागदाची भाषा उर्दू. गावात पाटील-कुलकर्ण्यांपुरती मराठी चाले, पण तहशिलीत गेलं की अर्ज कुणाकडून तरी लिहून घ्यावा लागे आणि आलेलं उत्तर कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झालं. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता आणि त्याची थोरवी मी नाकारत नाही. पण ती देशी भाषा उर्दू होती. मराठी, तेलुगू, कानडी बोलणारी बहुसंख्य प्रजा त्याच्या दारापर्यंत पोहोचायच्या आतच गळत होती. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळायला १९५८ साल उजाडलं. पुण्यात फर्ग्युसन कॉलेज निघाल्याला तोवर ७३ वर्षं झाली होती.

जमीनमहसुलाची पद्धत मात्र दोन्ही काठांवर बरीचशी सारखी होती, आणि याची नोंद सहसा कुणी घेत नाही. दिवाण सालारजंगाच्या सुधारणांनंतर मराठवाड्यातल्या खालसा, म्हणजे थेट सरकारच्या ताब्यातल्या, गावांत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी आणि रयतवारी आली. संस्थानात जहागिरी आणि सर्फ-ए-खास (निजामाचा खासगी मुलूख) मिळून सुमारे ४० टक्के मुलूख होता, तिथली स्थिती निराळी. पण आमच्यासारख्या खालसा गावातला कुणबी आणि नदीपलीकडचा कुणबी दोघेही सरकारला थेट सारा भरत होते. जमीनदारी होती तिथे मागासलेपण, रयतवारी होती तिथे प्रगती, हे भारताबद्दल वारंवार दिलं जाणारं स्पष्टीकरण या दोन काठांना लागू पडत नाही. कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

पाट कुणासाठी आला

१८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी दख्खन होरपळली. ब्रिटिश सरकारनं १९०१ मध्ये सिंचन आयोग नेमला आणि त्यानंतर मुंबई इलाख्यात दुष्काळनिवारणाच्या नावाखाली मोठी धरणं उभी राहिली. गोदावरीवर नांदूर मधमेश्वरचा बंधारा १९११ च्या सुमारास झाला. त्याला पाणी पुरवणारं दारणा धरण १९१६ साली पूर्ण झालं. तिथून निघालेल्या डाव्या-उजव्या कालव्यांचं लाभक्षेत्र मुख्यतः इलाख्याच्या हद्दीतच ठेवलेलं होतं. प्रवरेवर भंडारदरा बांधलं गेलं. त्याचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली गव्हर्नर लेस्ली विल्सनच्या हस्ते उद्घाटन झालं. त्याच्या कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या माळरानांचं रूप पालटलं.

ब्रिटिशांचा हेतू दयेचा होता असं मानायचं कारण नाही. दुष्काळी कामांवर खर्च होतोच, त्यातून सारा वाढेल असं काही उभं राहावं, हा हिशोब होता. शिवाय सुरुवातीला शेतकरी पाटाचं पाणी घेईनात, पाणीपट्टीची भीती होती. कालवे तोट्यात जाऊ लागले तसं सरकारनं उसाला प्रोत्साहन दिलं. विश्वेश्वरय्यांनी मुंबई इलाख्यात रूढ केलेली ब्लॉक पद्धत इथे कामाला आली. ठरावीक क्षेत्राला ठरावीक वर्षं पाण्याची हमी आणि त्यातल्या एका हिश्शात ऊस. सासवडकडचे माळी उसाची विद्या घेऊन नीरेकाठहून या नव्या पाटांवर आले. त्यांनी खंडानं जमिनी घेतल्या, गुऱ्हाळं घातली, आणि इथल्या शेतकऱ्याला ऊस शिकवला.

मग कंपन्या आल्या. हरेगावची बेलापूर कंपनी, टिळकनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी. १९३२ साली साखरेला संरक्षक जकात मिळाली आणि या धंद्याला बरकत आली. दौंड-मनमाड हा ब्रॉडगेज लोहमार्ग १८७८ पासूनच बेलापूर, पुणतांबा, कोपरगाववरून जात होता, त्यामुळे यंत्रं आणायला आणि साखर न्यायला रस्ता तयार होता. औरंगाबादला रेल्वे आली ती विसाव्या शतकाच्या तोंडावर आणि मीटरगेज. मुंबईकडे जाणारा प्रत्येक डबा मनमाडला रिकामा करून पुन्हा भरायचा. हे १९९० च्या दशकापर्यंत चाललं.

पाटाच्या सुखाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आजोळच्या माणसांवर अन्याय होईल. कंपन्यांनी हजारो एकर जमिनी खंडानं घेतल्या. पुढे १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर त्या मूळ मालकांकडे न जाता शेती महामंडळाकडे गेल्या. ‘खंडकरी’ हा शब्द त्या भागात एका पिढीचा नव्हे, तीन पिढ्यांचा आहे. आजोबांनी खंडानं दिलेली जमीन नातवाला परत मिळायला २०१२ नंतरचा काळ यावा लागला. कोपरगावकडे पाण्याच्या अतिरेकानं जमिनी पाणथळ आणि खारवट झाल्या त्या वेगळ्याच. साम्राज्यानं दिलं तिथेही ते फुकट दिलेलं नव्हतं.

पण पाटानं एक गोष्ट नक्की केली. दरवर्षी हमखास पैसा येणारा शेतकरी तयार झाला, आणि त्याला कंपनीशी भाव करायची गरज पडू लागली. लोणी बुद्रुकला विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ साली सहकारी पतपेढी काढली. १९०४ चा सहकार कायदा, १९११ ची मुंबईतली प्रांतिक सहकारी बँक, सहकारातले वैकुंठभाई मेहता, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ अशी सगळी साखळी त्यांच्या पाठीशी उभी राहू शकत होती. १९५० साली प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना सुरू झाला आणि त्यामागून शाळा, कॉलेजं, दवाखाने, दूध संघ आले. राजकारणही आलंच.

आता उत्तर काठाकडे पाहू. सहकाराचा कायदा हैदराबाद संस्थानातही १९१४ च्या सुमारास झाला होता, कागद तिथेही होता. पण सहकारी संस्था म्हणजे मुळात सभा. सभासदांनी एकत्र बसायचं, हिशोब विचारायचा, ठराव करायचा, तोही आपल्या भाषेत. निजामाच्या राज्यात ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानानं जाहीर सभांवर परवानगीची टाच आणली होती. वाचनालय, तालीम, खासगी शाळा, सगळ्याकडे संशयानं पाहिलं जाई. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होताच तिच्यावर बंदी आली, ती उठली १९४६ मध्ये. नदीच्या दक्षिणेला ज्या पंचवीस वर्षांत माणसं पतपेढीच्या वार्षिक सभेत भांडायला शिकली, त्याच पंचवीस वर्षांत उत्तरेला हुशार, धडपडी माणसं परवानगीशिवाय कसं भेटायचं हे शिकत होती. स्वामी रामानंद तीर्थांसारखी माणसं शाळेतून चळवळीत आणि चळवळीतून तुरुंगात गेली. त्यांची कामगिरी फार मोठी आहे, आम्ही आज भारतात आहोत ते त्यांच्यामुळे. पण ती पिढी मुक्तिसंग्रामात खर्ची पडली. कारखाना काढायला उरली नाही.

मांजरेचं पाणी

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, निजामानं काही बांधलंच नाही. हे खोटं आहे, आणि ते का खोटं आहे यातच या प्रकरणाचा गाभा आहे.

मांजरा नदी बीड जिल्ह्यात, पाटोद्याकडच्या बालाघाटात उगम पावते. बीड, धाराशिव, लातूर असा मराठवाड्याचा मुलूख ओलांडून ती तेलंगणात जाते. तिथे निजामाच्या सरकारनं १९२३ ते १९३१ या काळात निजामसागर धरण बांधलं. त्या काळातलं ते देशातलं एक भव्य काम. त्याच्या कालव्यांवर निजामाबादचा भाग हिरवा झाला आणि १९३० च्या दशकाअखेर बोधनला साखर कारखाना उभा राहिला, आशियातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे दोन तलाव हैदराबाद शहरासाठी बांधले गेले. म्हणजे अभियंते, पैसा, इच्छा, सगळं होतं. फक्त ते राजधानीच्या बाजूला वाहत होतं. मराठवाड्याच्या वाट्याला नांदेडची उस्मानशाही मिल आणि औरंगाबादची कापडगिरणी अशा मोजक्या गोष्टी आल्या.

हे नीट पाहिलं तर एक गोष्ट अंगावर येते. गोदावरीवर मराठवाडा खालच्या अंगाला आहे, आणि पाणी वरच्यांनी अडवलं. मांजरेवर मराठवाडा वरच्या अंगाला आहे, आणि पाणी खालच्यांनी नेलं. उताराचा नियम दोन्हीकडे उलटा, निकाल मात्र एकच. पाणी कुठे थांबेल हे उतार ठरवत नव्हता, सत्तेचं केंद्र कुठे आहे यावर ते ठरत होतं. आणि १७६३ मध्ये निजाम अलीनं राजधानी औरंगाबादहून हैदराबादला हलवल्यापासून मराठवाडा कुणाच्याही केंद्राजवळ नव्हता.

त्याआधी तो होता. पैठण सातवाहनांचं, देवगिरी यादवांची. मलिक अंबरनं खडकी (हेच पुढचं औरंगाबाद) वसवलं आणि त्याला नहरींनी पाणी दिलं. बीडची खजाना विहीर अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळातली, जमिनीखालून पाणी नेऊन शेती भिजवणारी. एकेकाळी या मुलखात पाण्याची विद्या होती, कारण राज्य इथेच बसत होतं.

पाथर्डीचा प्रश्न

आता स्वतःच्याच म्हणण्याची परीक्षा घेऊ. निजामाची राजवट हेच मागासलेपणाचं कारण असेल, तर सरहद्दीच्या ब्रिटिश बाजूला सगळीकडे भरभराट दिसायला हवी. पाथर्डीला जाऊन बघा. पाथर्डी नगर जिल्ह्यात, मुंबई इलाख्यात. पण मोठा पाट तिथे पोहोचला नाही. परिणाम असा, की दसरा-दिवाळीनंतर पाथर्डीतून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या शेजारच्या आष्टी-पाटोद्याहून निघणाऱ्या टोळ्यांसारख्याच असतात. तोच मुकादम, तीच उचल, तोच ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ब्रिटिश झेंड्यानं पाथर्डीला तारलं नाही. उलट बोधन निजामाच्या राज्यात असूनही ऊस पिकवत होतं.

संस्थानांचंही तसंच. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९०६ पासून संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी राधानगरी धरण हाती घेतलं आणि १९१७ साली मोफत सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. हे दोघेही संस्थानिकच. लक्ष्मी अय्यर या अर्थतज्ज्ञ बाईंनी देशभरच्या आकडेवारीवरून असं दाखवलं आहे, की ब्रिटिशांच्या थेट अमलाखालचे जिल्हे शाळा, दवाखाने, रस्ते यांत संस्थानी जिल्ह्यांच्या मागे राहिले. मराठवाड्याच्या माणसाला हे पहिल्यांदा वाचताना धक्का बसतो. पण आपलं उदाहरण त्याच्या विरोधात जात नाही. ‘संस्थान की ब्रिटिश’ हा प्रश्नच अपुरा आहे, एवढंच त्यातून कळतं. राजानं प्रजेला आपलं मानलं का आणि तुमचं गाव त्याच्या नजरेच्या टप्प्यात होतं का, हे पाहावं लागतं. कोल्हापूरच्या राजाला राधानगरी दिसत होती. हैदराबादच्या राजाला वैजापूर दिसत नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं: वारसा झेंड्याचा नसतो. पहिला पाट, पहिली रेल्वे, पहिली पतपेढी आणि पहिला स्वच्छ कागद कुठे पोहोचला, त्याचा असतो. आणि हा वारसा आपोआप टिकत नाही. नंतरचं राज्य त्याला हक्क मानतं, तेव्हा तो टिकतो.

१९४८ नंतर

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत सरहद्द संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. त्याआधी २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात मागास भागांना झुकतं माप देण्याचं वचन होतं, आणि मराठवाडा विनाअट आला, हे आमच्याकडे आजही अभिमानानं आणि थोड्या दुखऱ्या सुरात सांगितलं जातं.

जायकवाडी हे त्या वचनाचं सर्वांत मोठं रूप. १८ ऑक्टोबर १९६५ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. मूळ योजना बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळची होती. धरण पैठणला आलं, नाव तेच राहिलं. एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. जलाशय सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरलेला, पण उथळ. उन्हाळ्यात वाफ होऊन जाणारं पाणी बघितलं की पोटात तुटतं.

गडबड अशी झाली, की वरच्या भागात बांधणं थांबलंच नाही. मुळा धरण आलं, नाशिकच्या डोंगरात धरणांची रांग लागली, पुढे निळवंडे आलं. १९८० च्या गोदावरी पाणीतंटा लवादानं पैठणपर्यंतचं सगळं पाणी वापरायची महाराष्ट्राला मोकळीक दिली, पण ते राज्याच्या आत कुणाला किती हे ठरवणं त्याचं काम नव्हतं. ते राज्यानंही दीर्घकाळ ठरवलं नाही. न ठरवण्याचा फायदा आधीपासून वापरणाऱ्याला होतो. प्रवरा-गोदावरीच्या जुन्या कालव्यांवर बारमाही उसाचे ब्लॉक होते, ते हक्क ठरले. जायकवाडीचं नियोजन मुख्यतः आठमाही पिकांचं. १९११ साली ज्याच्या शेतापर्यंत पाट पोहोचला त्याचा नातू बारमाही झाला, आणि १९७६ साली ज्याच्याकडे पोहोचला तो आठमाही.

वैजापूर-गंगापूरचं उदाहरण तर आणखी बोलकं. नांदूर मधमेश्वरहून निघालेले कालवे १९११ पासून कोपरगावकडे पाणी नेत होते. त्याच ठिकाणाहून वैजापूर-गंगापूरसाठी जलद कालवा झाला, सव्वाशे किलोमीटरचा, पण त्यातून शेतात पाणी यायला नवं शतक उजाडलं. सरहद्द १९४८ ला संपली होती. कालवा ती ओलांडायला आणखी निम्मं शतक थांबला.

राज्यानं मोजमाप केलं नाही असं नाही. १९८३ साली वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली, १९८४ ला तिनं अनुशेष, म्हणजे मागास भागांच्या विकासातली तूट, मांडला: राज्याचा सुमारे ३,१८७ कोटी, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. १९९४ ला वैधानिक विकास मंडळं आली. २०१३ ला प्रादेशिक असमतोलावरचा केळकर समितीचा अहवाल आला. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. अनुशेष हा शब्द मला कधीच पटला नाही. त्यात बांधकामाची किंमत मोजता येते, पण वार्षिक सभा, वसुलीची शिस्त, उसाची विद्या यांचा अनुशेष रुपयांत येत नाही. आणि मधल्या काळात पुढे गेलेला भाग एका जागी उभा राहून आपली वाट बघत नसतो.

कागद

पाण्याबद्दल भरपूर लिहिलं जातं, कागदाबद्दल कमी. मराठवाड्यातल्या कुठल्याही तहसील कचेरीत जमिनीचा वाद घेऊन गेलेला माणूस तीन शब्द शिकून परततो: खासरा पत्र, सेतवार (दोन्ही जमिनीच्या जुन्या नोंदी), मुंतखब. यातला मुंतखब म्हणजे निजाम काळातल्या इनामाचा निर्णय, तो उर्दूत. वाचणारा मिळेपर्यंत खटला पुढच्या तारखेला.

आमच्या नात्यातल्या एका घराची गोष्ट सांगतो. त्यांची सहा एकर जमीन ‘मदतमाश’ निघाली. मदतमाश म्हणजे एखाद्या कुटुंबाच्या चरितार्थासाठी निजामानं दिलेली इनाम जमीन. हैदराबादचा इनाम रद्द करण्याचा कायदा १९५४ चा. त्यांच्या आजोबांनी ती रीतसर विकत घेतली होती, दोन पिढ्या कसली होती. विहिरीसाठी कर्ज काढायला गेले तेव्हा सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ (सरकारच्या परवानगीशिवाय हस्तांतर करता न येणारी जमीन) हा शेरा दाखवून बँकेनं फाइल परत दिली. नियमित करून घ्यायची तर २०१५ च्या दुरुस्तीप्रमाणे बाजारभावाच्या ५० टक्के नजराणा. स्वतःच्याच जमिनीची निम्मी किंमत! पुढे हा नजराणा ५ टक्क्यांवर आणला गेला. पण मधल्या वर्षांत त्यांची विहीर झाली नाही, धाकटा मुलगा पुण्याला कंपनीत लागला आणि आता तो परतायचं म्हणत नाही. अशा हजारो हेक्टर जमिनी मराठवाड्यात आहेत. तिथे न खणलेल्या विहिरी कुठल्याच अनुशेषात मोजलेल्या नाहीत.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा हीच कपाटं पुन्हा उघडली. राज्यभर चर्चा आरक्षणाची झाली. मला त्यात दिसलं ते असं, की एका राजवटीनं लिहिलेला कागद ७५ वर्षांनंतरही नातवाचं भवितव्य ठरवतोय आणि तो वाचायला माणूस शोधावा लागतोय.

कोयता आणि कारखाना

पाणी दक्षिण काठावर साठलं, आणि ते वापरायला माणूसबळ उत्तरेकडून आणि बालाघाटातून गेलं. बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार दर हंगामात पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पाचटाच्या कोप्या, पहाटे तीनला फड, मुलांची शाळा मधेच सुटलेली. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली, तेव्हा पाळीच्या दिवसांत सुटी घेऊन मजुरी बुडवणं परवडत नाही म्हणून शरीराचा भाग काढून टाकणाऱ्या बायका राज्याला पहिल्यांदा दिसल्या. पाटाच्या कडेला बसून मी लहानपणी खाल्लेल्या उसाची कांडकी कुणी तोडली होती, हे मला कळायला फार वर्षं लागली.

आणि आम्ही काय केलं? जे पाहिलं त्याचीच नक्कल. विकास म्हणजे साखर कारखाना, हे चित्र मनात इतकं घट्ट बसलं की जायकवाडीच्या आठमाही लाभक्षेत्रातही ऊस आला, लातूर-बीडमध्येही आला. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. हमीनं उचलला जाणारा आणि पैसा देणारा दुसरा माल त्याला कुणी दाखवला? पण एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती गाडी कुर्डुवाडी-बार्शी-लातूर या मार्गानं आली, एके काळच्या बार्शी लाइट रेल्वेच्या वाटेनं. कृष्णेचं पाणी मांजरेच्या मुलखात शिरताना पाहायला लोक रात्री स्टेशनवर जमले होते.

१५ ऑक्टोबर

२००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यानं खोऱ्यात समन्यायी वाटप हे तत्त्व आणलं. या वाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीच्या अभ्यासावर १९ सप्टेंबर २०१४ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश निघाला, आणि २३ सप्टेंबर २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयानं तो उचलून धरला. नियम असा: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. माझ्या मते, नदीच्या दोन काठांमधली जुनी सरहद्द खऱ्या अर्थानं पुसायला घेणारा हा पहिला कागद. तो इंग्रजांनी किंवा निजामानं लिहिलेला नाही, आपण लिहिला.

त्याची अंमलबजावणी दर वेळी भांडणातूनच होते. २०२३ साली ऑक्टोबरअखेर ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला, पाणी सुटायला नोव्हेंबरचा उत्तरार्ध उजाडला. वर मोर्चे, खाली मोर्चे. आजोळचे मामा फोनवर म्हणाले, ‘आमचं आवर्तन गेलं, तुम्हाला पोचेल तेव्हा पोचेल.’ त्यांचा राग खोटा नव्हता. त्यांच्या वडिलांनी त्या पाण्यावर घर बांधलं होतं. असं पाणी सुटतं तेव्हा वाटेतल्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात आणि नदीकाठच्या मोटारींची वीज तोडतात, नाहीतर खाली पोहोचायच्या आत निम्मं उपसलं जातं.

त्या आठवड्यात मी कायगावच्या पुलावर मुद्दाम थांबलो. पुलाखाली नाथसागराची, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाची, फुगवट आहे, त्यामुळे प्रवाह असा दिसत नाही, पाणी फक्त काठावरच्या ओल्या पट्ट्यात थोडं वर सरकलेलं दिसतं. दक्षिण काठावर मोटारींची रांग होती, फुटव्हॉल्व्ह पाण्यात, पाइप चढावर गेलेले. उत्तर काठावरही तशीच रांग होती. वीज बंद असल्यानं दोन्हीकडे शांतता होती. फुगवटीचं पाणी मिळतं तिथे आता गंगापूरच्या बाजूलाही ऊस आहे, आजोळच्या उसाइतकाच दाट. नदीपासून तो मैल-दीड मैल आत जातो. पुढे बाजरीचं रान लागतं, आणि आमचं गाव त्या रानाच्याही पुढे आहे.